भावे प्रयोग

बॅलार्ड इस्टेटला, चौथ्या मजल्यावरच्या आमच्या ऑफिसात
यशाला नेहमी कर्ता असायचा.
मी पार्टी पटवली. मी बुकिंग आणलं.
अपयश मात्र आपोआप व्हायचं.
मेल गेला नाही. तारीख उलटली. फाईल राहिली.
जणू फायली स्वतःच्या पायांनी चालत
कपाटामागे जाऊन बसत.

सातवीत बोंद्रे बाई शिकवायच्या:
भावे प्रयोगात क्रियापद कुणाचंच ऐकत नाही,
ना कर्त्याचं, ना कर्माचं.
‘साहेबांनी शिपायाला बोलावलं.’
साहेबांच्या जागी बाई बसवा, शिपाई दहा आणा,
‘बोलावलं’ तसूभर हलत नाही.
मला वाटलं होतं, परीक्षेपुरतं आहे हे.

दोन हजार अकरात गुर्जरपाध्ये साहेब
भर मीटिंगमध्ये म्हणाले,
‘चूक झालेली आहे. संबंधितांना समज देण्यात आलेली आहे.’
संबंधित म्हणजे मी.
समज मला तिथेच मिळाली, सगळ्यांबरोबर, पहिल्यांदा.
मागच्या जिन्यात फायर बकेटच्या वाळूत
कुणी कुणी विझवलेल्या सिगारेटी मोजत उभी राहिले.
सतरा होत्या. पुन्हा मोजल्या.

आता त्या केबिनमध्ये मी बसते.
खुर्ची तीच. कुशन बदललंय.

न्हावाशेवाहून निघालेला माकुळाचा कंटेनर
वलेन्सियाला पोचला तो वासासकट.
बुकिंगच्या कागदावर तापमान: अठरा.
हवं होतं उणे अठरा.
ती आडवी रेघ, तांदळाच्या दाण्याएवढी,
शगुफ्ता मुकादमच्या हातून सुटली.
नोकरीला चार महिने. डबा अजून एकटीच खाते.
आणि खाली सही माझी.
शुक्रवार होता, पावणेसात.
दादरचा टेलर आठला शटर ओढतो.
मी वाचलंच नव्हतं.

मंत्रवादी साहेबांनी विचारलं, ‘हे कुणी केलं?’
रिबेलो टेबलाच्या काचेखालचं जुनं कॅलेंडर वाचू लागला.
तांडेलने फोन उलटा ठेवला, मग सुलटा.
शगुफ्ता पेनचं टोपण लावत होती,
लागलेलं टोपण.

माझ्या तोंडात वाक्य तयारच होतं,
वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेलं:
‘चूक झा…’
खोटं कशाला सांगू, तीन सेकंद थांबले.
तीन सेकंदांत घराचा हप्ता आठवतो,
मार्चमधलं प्रमोशन आठवतं,
आणि पोरगी तरुण आहे, तिला कुठेही मिळेल दुसरी,
असंही वाटून जातं.

मग म्हटलं, ‘मी चुकले.’
दोन शब्द.
पण या क्रियापदाला लपायला जागा नाही.
पुरुष असते तर चुकलो झालं असतं,
चार जण असतो तर चुकलो,
तिच्यावर ढकललं असतं तर चुकली.
‘चुकले’त मी आहे, बाई आहे, एकटी आहे,
सहीसकट सापडते.

‘लेखी द्या,’ साहेब म्हणाले.
दिलं. बोनस गेला.
लिफ्टची वाट बघताना रिबेलो म्हणाला,
‘साहेब नावं विसरत नाहीत हं.’
काळजीने म्हणाला की कसं, अजून कळलेलं नाही.

शगुफ्ताने आभार वगैरे मानले नाहीत.
आठवडाभर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
मंगळवारी दुपारी केबिनच्या दारात उभी,
हातात दोन कागद, पिवळ्या चिठ्ठ्या लावलेले.
‘मॅडम, मी अजून दोन ठिकाणी चुकली.’

बोंद्रे बाईंनी लाल पेन उचललं असतं.
मी विचारलं, ‘जहाज सुटलं?’
‘नाही. उद्या पहाटे.’
‘बस,’ म्हटलं,
आणि फोन ओढला.